सिस्टिम३२ला हात लावण्याआधी

प्रश्न : ताई, नमस्कार. घरात एकच लॅपटॉप आहे. गेले दोन आठवडे तो फार हळू चालतोय आणि पंखा सारखा घोंघावतोय. टास्क मॅनेजर उघडलं तर ‘सर्व्हिस होस्ट’ नावाच्या ओळी मोजून ६८ निघाल्या. शोधाशोध केल्यावर वाचलं, की ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाचा व्हायरस असतो. एका व्हिडिओत सांगितलं होतं त्याप्रमाणे ती फाइल सिस्टिम३२ फोल्डरमधून काढायला गेलो, तर ‘ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी लागेल’ असं आलं. हा ट्रस्टेडइन्स्टॉलर कोण? लॅपटॉप माझा, ॲडमिनिस्ट्रेटर मी, मग परवानगी कुणाची घ्यायची? फाइलची मालकी स्वतःकडे घेऊन ती उडवायची पद्धत त्याच व्हिडिओत आहे. तसं करू का? स्टार्टअपच्या यादीत ‘सिस्टिम अपडेट हेल्पर’ अशी एक ओळही आहे, तिच्यापुढे कंपनीचं नाव कोरं दिसतं. ती विंडोजचीच असणार, म्हणून तिच्या वाटेला गेलो नाही. मुलीचा प्रबंध याच लॅपटॉपवर आहे, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

उत्तर : नमस्कार. आधी उत्तर देते, कारणं मागाहून. नाही, मालकी घेऊ नका. तो व्हिडिओ बंद करा आणि सिस्टिम३२मधल्या एकाही फाइलला हात लावू नका. लॅपटॉप इंटरनेटपासून तोडा. मग मुलीला बोलावून प्रबंधाची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. फक्त प्रबंध, त्याची चित्रं आणि तक्ते घ्या, कुठलाही प्रोग्रॅम किंवा सेटअप घेऊ नका. कॉपी झाली की पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. एवढं झालं, की पुढचं सगळं शांतपणे करता येईल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ज्या फाइलला तुम्ही चोर समजताय ती घरचीच आहे. आणि जिला घरची समजून सोडून दिलंत, त्या ‘सिस्टिम अपडेट हेल्पर’वर माझा संशय आहे. ही चूक तुमच्या एकट्याची नाही. माणसं नावावरून ठरवतात. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव कसलं तरी परकं, गूढ वाटतं आणि ‘सिस्टिम अपडेट हेल्पर’ हे समंजस, कामाचं वाटतं. पण फाइलला नाव देणारा माणूसच असतो, आणि ज्याला आत शिरायचंय तो तुमचा विश्वास बसेल असंच नाव शोधणार.

आता त्या ६८ ओळींकडे येऊ. विंडोजमध्ये पडद्यामागे सतत कामं चालू असतात. इंटरनेटची जोडणी सांभाळणं, आवाज, प्रिंटर, घड्याळ जुळवणं, अपडेट शोधणं, अशी पुष्कळ. या कामांना सर्व्हिस म्हणतात. यातल्या बऱ्याच सर्व्हिस स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून धावू शकत नाहीत, त्यांना चालवणारा एक यजमान लागतो. तो यजमान म्हणजे सर्व्हिस होस्ट, फाइलचं नाव एसव्हीसीहोस्ट. पूर्वी एकाच यजमानाकडे पुष्कळ सर्व्हिस कोंबलेल्या असायच्या, म्हणून ओळी थोड्या दिसत. २०१७ साली विंडोज १०चं क्रिएटर्स अपडेट आलं आणि साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या कॉम्प्युटरवर बहुतेक सर्व्हिसना स्वतंत्र यजमान मिळू लागला. त्याचा फायदा असा, की एक सर्व्हिस कोसळली तरी तिच्याबरोबर बाकीच्या जात नाहीत. तेव्हा ६८ हा आकडा पाहून दचकायचं कारण नाही. माझ्याकडे आत्ता, हे लिहिताना, त्याहून जास्त ओळी आहेत.

टास्क मॅनेजरमध्ये त्यातल्या एखाद्या ओळीच्या डावीकडच्या बाणावर क्लिक करून पाहा. आत कोणती सर्व्हिस चालू आहे तिचं नाव उलगडतं. दहा-बारा ओळी अशा उघडून पाहिल्यात, की त्या ६८ जणांची भीती आपोआप जाईल.

आणि ट्रस्टेडइन्स्टॉलर. तुमचा सवाल रास्त आहे, त्यामागचा रागही मला समजतो. आपल्याच घरात आपल्यालाच परवानगी मागायला लावणारा हा कोण? विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ साली ती आवृत्ती सगळ्यांच्या हाती आली तेव्हापासून, विंडोजच्या बहुतेक मूळ फाइलींची मालकी ॲडमिनिस्ट्रेटरकडे नसते. ती ट्रस्टेडइन्स्टॉलर नावाच्या एका अंतर्गत खात्याकडे असते. अपडेट बसवणारी विंडोजची सर्व्हिस त्या खात्याने चालते आणि या फाइली बदलायचा हक्क तिच्याकडेच ठेवलेला आहे. ही तटबंदी तुमच्या विरुद्ध नाही. तुम्ही जो प्रोग्रॅम चालवता तो तुमच्याच अधिकाराने चालतो. उद्या चुकून एखादा घातकी प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला गेला, तर त्याला विंडोजच्या गाभ्यातल्या फाइली सहजी बदलता येऊ नयेत, म्हणून ही भिंत. तुम्हाला आलेला तो नकार म्हणजे ‘ही फाइल विंडोजने स्वतः बसवलेली आहे’ अशी जवळजवळ खात्रीची साक्ष होती. त्या नकाराने तुमचा लॅपटॉप वाचवला. एसव्हीसीहोस्ट खरोखर उडाली असती, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व्हिस उठल्याच नसत्या आणि विंडोज धड सुरू झालं नसतं.

असल्या व्हिडिओंवर माझा राग आहे, आणि त्याला जुनं कारण आहे. २००२ साली एक ईमेल घरोघरी फिरत होतं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एक व्हायरस लपलाय, अँटिव्हायरसला तो सापडत नाही, अमुक नावाची फाइल शोधा, तिच्यावर छोट्या टेडी बेअरचं चित्र दिसेल, दिसलं की लगेच डिलीट करा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. मी शोधलं. फाइल सापडली. चित्र अगदी सांगितल्यासारखं, राखाडी रंगाचं अस्वल. माझ्या पोटात गोळा आला. मी ती काढून टाकली आणि ते ईमेल ओळखीच्या लोकांना पुढे पाठवलं. ती फाइल विंडोजचीच होती, जावा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना चुका शोधायला लागणारी. ते अस्वल तिचं मूळचंच चित्र होतं. आदल्या वर्षी, २००१ मध्ये, असंच एक ईमेल विंडोज ९८च्या दुसऱ्या एका फाइलबद्दल फिरलं होतं. ती फाइल लांबलचक नावं सांभाळण्याच्या कामाची होती. ज्यांना मी ते ईमेल पाठवलं, त्यांना नंतर एकेकाला फोन करून खरं काय ते सांगावं लागलं. त्यातल्या दोघांनी माझ्यावर विसंबून फाइल उडवली होती. ते मी विसरलेले नाही.

त्या ईमेलवर लोकांनी विश्वास का ठेवला, हे नीट पाहण्यासारखं आहे. त्यात सांगितलेली खूण खरोखर सापडत होती! सापडणारच होती, कारण ती फाइल बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर मुळातच होती. जे सगळ्यांकडे असतं ते दाखवायचं आणि ‘बघा, तुमच्याकडे सापडलं’ म्हणायचं, ही भीती घालणाऱ्यांची फार जुनी रीत. फोनवरून ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय’ म्हणणारे भामटेही हेच करतात. ते इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडायला लावतात. तिथे लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी दिसतात आणि माणूस घाबरतो. पण उत्तम चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही त्या नोंदी असतात. काही जण तर एक कमांड टाइप करायला लावून आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ दाखवतात आणि म्हणतात, ‘हा तुमच्या कॉम्प्युटरचा खास क्रमांक, आमच्याकडेही तोच नोंदलेला आहे.’ ती ओळ जगातल्या सगळ्या विंडोजवर अक्षरशः तीच असते. तुमच्या ६८ ओळी याच जातीच्या. कुणी पुरावा म्हणून काही दाखवलं, तर तीच गोष्ट आधी दुसऱ्या एखाद्या धडधाकट कॉम्प्युटरवर आहे का, ते पाहून घ्या.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? मी पत्त्यापासून सुरुवात करते.

एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत. त्यामुळे एसव्हीसीहोस्ट बनून फिरणाऱ्या तोतयाला बहुतेक वेळा दोनच वाटा उरतात. नाव तेच ठेवायचं असेल तर दुसऱ्या फोल्डरमध्ये राहायचं, किंवा त्याच फोल्डरमध्ये राहायचं तर नावात बारीक फरक करायचा. फरक कसे करतात? इंग्रजी स्पेलिंगमधल्या ओ अक्षराच्या जागी शून्य घालतात. व्ही आणि सी यांची अदलाबदल करतात, म्हणजे घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शेवटी एक जादा एस जोडतात. एलसॅस नावाची एक महत्त्वाची फाइल आहे, लॉगिन आणि पासवर्डची पडताळणी तिच्याकडे असते. तिच्या नावातलं पहिलं अक्षर छोटं एल. त्याऐवजी मोठं आय लिहिलं, तर पुष्कळ फॉन्टमध्ये दोन्ही उभ्या रेघाच दिसतात. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये मोठ्या अक्षरांत पाहा.

पत्ता पाहायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडलं की ‘डीटेल्स’मध्ये जा, रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करा, ‘सिलेक्ट कॉलम्स’ निवडा आणि ‘इमेज पाथ नेम’ व ‘कमांड लाइन’ या दोघांवर खूण करा. आता प्रत्येक ओळीसमोर तिचा पूर्ण पत्ता दिसेल. एसव्हीसीहोस्टच्या सगळ्या ओळी सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२मधून निघालेल्या दिसायला हव्यात. तिथेच शेजारी ‘सिसवाऊ६४’ नावाचं फोल्डर असतं आणि त्याच नावांच्या कितीतरी फाइली त्यातही असतात. ते पाहून गोंधळू नका. नावात ६४ असूनही त्यात ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या फाइली असतात, आणि सिस्टिम३२मध्ये ६४ बिटच्या. नावं उलटी वाटतात खरी, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून सिस्टिम३२ हे नाव तसंच ठेवलं गेलं. काही फाइलींचा खरा पत्ता या दोन्हींबाहेर असतो. फोल्डर आणि टास्कबार दाखवणारी एक्सप्लोरर ही थेट विंडोज फोल्डरमध्ये राहते. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस म्हणजे डिफेंडर, त्याची मुख्य फाइल प्रोग्रॅमडेटा फोल्डरच्या आत असते. तेव्हा ‘सिस्टिम३२मध्ये नाही म्हणजे व्हायरस’ असा सरसकट नियम लावता येत नाही.

संख्याही काही सांगते, पण प्रत्येक फाइलचं गणित वेगळं. एलसॅस एकच असायला हवी. सीएसआरएसएस नावाची विंडोजची आणखी एक मूळ फाइल आहे, तिच्या साधारण दोन ओळी दिसतात, एक सर्व्हिससाठी आणि एक तुमच्या लॉगिनसाठी. एसव्हीसीहोस्ट कितीही.

पत्त्यानंतर सही. फाइलवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘डिजिटल सिग्नेचर्स’. ‘डीटेल्स’मध्ये दिसणारं कंपनीचं नाव आणि कॉपीराइट कुणीही भरू शकतं, ती नुसती पाटी. डिजिटल सही तशी बनवता येत नाही, आणि सही केल्यावर फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ती सही अवैध ठरते. मात्र इथे एक खाचखळगा आहे, त्यात पुष्कळ लोक पडतात. नोटपॅडची फाइल उघडून पाहिलीत तर ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भागच दिसणार नाही. म्हणून नोटपॅड खोटं ठरत नाही. विंडोजच्या अनेक फाइलींच्या सह्या फाइलमध्ये नसतात, वेगळ्या कॅटलॉगमध्ये एकत्र ठेवलेल्या असतात. त्या धरून तपासायच्या तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातली ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ आणि ‘ऑटोरन्स’ ही फुकट साधनं घ्या, आणि ती मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी ती सुरू केली आणि २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. घरच्या कॉम्प्युटरची तपासणी करायला यापेक्षा भरवशाचं काही मी वापरलेलं नाही.

सही आहे म्हणजे फाइल निष्पाप, असंही नाही. २०१७ साली सीक्लीनर या लोकप्रिय साफसफाईच्या प्रोग्रॅमच्या एका आवृत्तीत हल्लेखोरांनी कंपनीच्या आत शिरून घातकी कोड घातला होता, आणि ती आवृत्ती कंपनीच्या अस्सल सहीनिशी लोकांपर्यंत पोहोचली. असे प्रसंग थोडे. घरच्या कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा सही नसलेलं काहीतरी, चुकीच्या जागी, आपणच कधीतरी उतरवलेल्या कशाच्या तरी मागून आलेलं सापडतं.

म्हणून तुमच्या ‘सिस्टिम अपडेट हेल्पर’कडे वळते. स्टार्टअपची यादी म्हणजे लॉगिन होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची. विंडोजच्या अपडेटला या यादीत येऊन बसायची गरज नसते, ते सर्व्हिसमधून आणि ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या टास्क शेड्यूलरमधून चालतं. तेव्हा अपडेटचं नाव लावून, पब्लिशर, म्हणजे कंपनीचं नाव, कोरं ठेवून स्टार्टअपमध्ये बसलेली ओळ मला खटकते. यातला एक अपवाद सांगून ठेवते. कधीकधी ‘प्रोग्रॅम’ एवढ्याच नावाची आणि कोऱ्या पब्लिशरची ओळ दिसते. ती बहुधा काढून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरची मागे राहिलेली नोंद असते, तिच्यात काही दम नसतो. तुमच्या ओळीचं नाव तसं नाही.

टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप ॲप्स’ उघडा, त्या ओळीवर राइट क्लिक करा आणि ‘ओपन फाइल लोकेशन’ म्हणा. जे फोल्डर उघडेल त्याचा पत्ता कागदावर उतरवून घ्या. तुमच्या नावाच्या फोल्डरात ‘ॲपडेटा’ नावाचं लपवलेलं फोल्डर असतं, त्याच्या आत ‘रोमिंग’ किंवा ‘लोकल’, आणि त्यात अर्थहीन अक्षरांच्या नावाचं एखादं फोल्डर, असा पत्ता निघाला तर संशय वाढतो. घातकी प्रोग्रॅम तिथे घर करतात, कारण तिथे लिहायला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागत नाही. झूम आणि डिस्कॉर्डसारखी प्रामाणिक ॲप्सही त्याच कारणासाठी ॲपडेटामध्ये बसतात, पण त्यांच्यावर त्यांच्या कंपन्यांची सही असते. उलट, एकट्याने छोटं फुकट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याकडे कित्येकदा सही नसते, कारण सहीच्या प्रमाणपत्राला पैसे पडतात. म्हणजे एका खुणेवर कुणालाच फाशी देता येत नाही. पत्ता विचित्र, सही नाही, नाव विंडोजसारखं, आणि आलं कधी ते कुणालाच आठवत नाही, असं सगळं एकत्र आलं की मग मी थांबत नाही.

आलं कधी, हेही शोधता येतं. त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘क्रिएटेड’ पुढची तारीख आणि वेळ पाहा. मग डाउनलोड्स फोल्डर तारखेप्रमाणे लावा आणि त्याच दिवशी काय उतरलं होतं ते बघा. मी घरोघरीच्या कॉम्प्युटरवर हे केलेलं आहे आणि कित्येकदा दोन तारखांमध्ये पाच मिनिटांचंही अंतर नसतं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, गेमचा फुकट मॉड, पीडीएफ फोडायचं साधन, असलं काहीतरी तिथे बसलेलं असतं. हे सापडलं तर घरात कुणावर ओरडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ज्याने उतरवलं त्याला बोलणी बसली, तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

ते पाहताना फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करून घ्या. विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेपूट मुळातच लपवतं. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचं ईमेल जगभर पसरलं, त्यातली फाइल साध्या मजकुराची दिसत होती. तिचं खरं शेपूट वेगळं होतं, ती स्क्रिप्ट, म्हणजे उघडताच चालणारा छोटा प्रोग्रॅम होती. विंडोजने ते शेपूट लपवलं आणि लोकांनी प्रेमपत्र समजून ती उघडली. आजही ‘डॉट पीडीएफ’ दिसतं आणि त्यापुढे ‘डॉट ईएक्सई’ लपलेलं असतं. आणि ‘ही फाइल करते तरी काय’ म्हणून संशयित फाइलवर डबल क्लिक करू नका.

‘कमांड लाइन’चा रकाना घ्यायला सांगितलं, त्याचं कारण आता. हल्लीचे हल्ले कित्येकदा स्वतःची फाइल आणतच नाहीत. टाइप केलेले हुकूम चालवणाऱ्या विंडोजच्याच पॉवरशेलला कामाला लावतात. पॉवरशेलचं नाव खरं, पत्ता खरा, मायक्रोसॉफ्टची सही खरी, पण त्याला दिलेला हुकूम वाईट. तो हुकूम कमांड लाइनमध्ये वाचता येतो. तिथे ‘हिडन’ असा शब्द आणि पुढे न संपणारी अर्थहीन अक्षरांची माळ दिसली, तर ते मायक्रोसॉफ्टचं आहे म्हणून सोडून देऊ नका. घरी सगळ्यांना हेही सांगा : ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ म्हणत एखादं पान विंडोजचं बटण आणि आर दाबायला, मग पेस्ट करून एंटर मारायला सांगत असेल, तर ते पान तुमच्याच हातून असा हुकूम चालवून घेतंय. कुठलीही खरी पडताळणी असं करायला सांगत नाही.

आता प्रत्यक्ष करायचं काय. ती ओळ डिलीट करू नका, ‘डिसेबल’ करा. चूक निघाली तर परत चालू करता येते. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरसच्या भागात ‘स्कॅन ऑप्शन्स’ आहे, तिथून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’चं ऑफलाइन स्कॅन निवडा. लॅपटॉप रीस्टार्ट होईल आणि साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालेल. ती विंडोज पुरतं सुरू होण्याआधी होते, म्हणून चालू विंडोजमध्ये दडून बसणाऱ्यांना तिथे लपायला जागा नसते. डिफेंडरने काही पकडलं तर त्याचं नेमकं नाव लिहून ठेवा आणि त्याला क्वारंटाइन करू द्या, म्हणजे अलग कोंडून ठेवू द्या. डिसेबल केलेली ओळ रीस्टार्टनंतर आपोआप पुन्हा चालू झालेली दिसली, तर तिला परत आणणारं दुसरं काहीतरी आहे, बहुधा टास्क शेड्यूलरमध्ये. तेव्हा ऑटोरन्स चालवा, ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’वर खूण करा आणि सह्या तपासायला सांगा. शेकडो ओळींच्या मोजक्या उरतील. गुलाबी ओळी म्हणजे ज्यांची सही पटली नाही त्या, पिवळ्या म्हणजे ज्यांची फाइलच जागेवर नाही त्या. गुलाबीच वाचा.

स्कॅनमध्ये काही निघालं नाही आणि तरीही मन खात असेल, तर ती एक फाइल व्हायरसटोटल या साइटवर तपासून घ्या, शक्यतो दुसऱ्या कुणी समजत्या माणसाला शेजारी बसवून. ती साइट ७० हून अधिक अँटिव्हायरसकडून एका वेळी मत घेते. तीस-चाळीस जणांनी लाल खूण केली तर प्रश्नच मिटला. एखाद-दुसऱ्या अनोळखी नावाने केली, तर तो चुकीचा गजरही असू शकतो. एकानेही केली नाही, तर फाइल चांगली असेल किंवा इतकी नवी असेल की अजून कुणी पाहिलेली नाही. एक मात्र पाळा : तिथे दिलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतर लोकांनाही मिळू शकते. प्रबंध, बँकेची कागदपत्रं असलं काही तिथे चढवू नका.

अँटिव्हायरसही चुकतात बरं का. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअ‍ॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ मधली हीच एसव्हीसीहोस्ट व्हायरस ठरवली आणि ठिकठिकाणी कॉम्प्युटर सुरू होऊन बंद, सुरू होऊन बंद, अशा फेऱ्यात अडकले. म्हणून विंडोज फोल्डरमधल्या फाइलवर कुणी बोट ठेवलं, तर मी लगेच ‘रिमूव्ह’ दाबत नाही. आधी पत्ता आणि सही पाहते. तुम्ही पत्र लिहिण्याआधी दुसरी एखादी फाइल उडवली असेलच, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, एस-एफ-सी ही तीन इंग्रजी अक्षरं, एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘स्कॅननाऊ’ असं टाइप करा. विंडोज आपल्या मूळ फाइली तपासून बिघडलेल्या परत बसवायचा प्रयत्न करतं.

डिफेंडरने पासवर्ड चोरणारं किंवा दुरून ताबा घेणारं काही पकडलं, तर मात्र तेवढ्यावर थांबू नका. पासवर्ड बदला, आणि तेही या लॅपटॉपवरून नको, फोनवरून. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात. मग बँकेचा, मग उरलेले. प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ असा पर्याय असतो तो दाबा, कारण हे चोर ब्राउझरमधलं चालू लॉगिनही उचलून नेतात आणि मग नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. त्यानंतर मी तरी विंडोज पूर्ण रीसेट करेन. कंटाळवाणं काम आहे, पण ज्या कॉम्प्युटरवर बँकेचा व्यवहार होतो, तिथे ‘बहुतेक गेलं असावं’ यावर झोप लागत नाही.

आणि तो पंखा. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या शीर्षकावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात खादाड ओळ वर येईल. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ असेल तर तो डिफेंडर, तपासणी करतोय. अपडेट किंवा शोधाची अनुक्रमणिका बनवणारी सर्व्हिस असेल तर, आपलं तपासून झाल्यावर, लॅपटॉप एक रात्र चार्जरला लावून चालू ठेवा, काम उरकलं की शांत होईल. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलाय का तेही पाहा. पण घोंघावणारा पंखा टास्क मॅनेजर उघडताच दर वेळी गप्प होत असेल आणि बंद करताच पुन्हा सुरू होत असेल, तर ते मला वाईट लक्षण वाटतं. तुमच्या वीजेवर चोरून क्रिप्टोची डिजिटल नाणी खोदणारे काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडलेलं ओळखून काम थांबवतात.

स्टार्टअपच्या त्या ओळीचा पूर्ण पत्ता, फाइल बनल्याची तारीख, डिफेंडरने दिलेलं नाव आणि पंख्याचं वागणं, एवढं मला लिहून कळवा. फाइल मात्र पाठवू नका. आणि ऑफलाइन स्कॅन सुरू करण्यापूर्वी मुलीला पेनड्राइव्हवरचा प्रबंध दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघायला सांगा, शेवटच्या पानापर्यंत.